पुराआधीच वहीत बुडालेला माल

२५ जुलै २०२४ च्या सकाळी माझ्या शेडमध्ये किती रुपयांचा माल होता, या प्रश्नाची तीन उत्तरं होती. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये चौदा लाख, मार्चअखेरच्या ताळेबंदात चार लाख, आणि रॅकवर प्रत्यक्षात नऊ लाखांच्या आसपास. त्या दिवशी पवना आणि मुळा या दोन्ही नद्यांनी पात्र सोडलं, सांगवी-दापोडीपासून चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरापर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला आणि माझे तिन्ही आकडे एकाच गढूळ पाण्यात बुडाले. नंतर विमा कंपनी, आयकर, जीएसटी आणि बँक या चौघांशी व्यवहार करताना प्रश्न एकच निघाला: यातला खरा कोणता?

माझा धंदा कंट्रोल पॅनेलचा. भोसरी, महाळुंगे, निघोजे भागात एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी खास बांधलेली मशीन, तयार करणाऱ्या कारखान्यांना आम्ही पॅनेल पुरवतो. पत्र्याची पेटी वाकवायची, आत एमसीबी, कॉन्टॅक्टर, ड्राइव्ह, पीएलसी बसवायचे, वायरिंग करून, टेस्ट करून माल पाठवायचा. एमआयडीसीतला गाळा परवडत नव्हता म्हणून कासारवाडी-फुगेवाडीच्या पट्ट्यात, नदीच्या अंगाला भाड्याची शेड घेतली. तिथलं भाडं इतकं कमी का, हे पूररेषेचा नकाशा न बघताही कळायला हवं होतं.

पाणी कमरेएवढं चढलं आणि रात्री उतरलं. लोखंडी सळया असत्या तर धुऊन, तेल लावून वापरल्या असत्या. विजेच्या मालाचं तसं नसतं. कॉन्टॅक्टर हातात घेऊन तिरका केला की आतून चहाच्या रंगाचं पाणी गळायचं. पीएलसीचे खोके सीलबंद होते, पण पुठ्ठ्याचा लगदा झाला होता आणि आतली ओल शोषणारी पुडी फुगून बोर्डाला चिकटली होती. एमसीबीची कळ वर-खाली होत होती, पण आत गाळ बसलेली एमसीबी पॅनेलमध्ये लावायची म्हणजे गिऱ्हाइकाच्या कामगाराच्या जिवाशी खेळ. तो माल भंगारच होता, यात वाद नाही. त्याचं भंगार मी ज्या रीतीने केलं, तिथे पहिली चूक झाली.

तिसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटली. स्टोअरच्या पोराने विचारलं, "साहेब, उचलायचं का सगळं? आत उभं राहवत नाही." मी म्हटलं, "उचला." कुदळवाडीचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि वायरच्या ड्रमांसकट सगळं भरून ३८ हजार रुपये रोख देऊन गेला. बिल नाही, वजनकाट्याची पावती नाही. वायरचं वरचं पीव्हीसी चिखलाने माखलं होतं, आतलं तांबं मात्र चोख होतं, हे टेम्पो गेल्यावर लक्षात आलं. पुढे विमा कंपनीच्या सर्वेअरने भंगार कुणाला विकलं त्याचा कागद मागितला, तोवर महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मधल्या कारवाईत कुदळवाडी-चिखलीतली हजारो पत्राशेड पाडली होती. तो भंगारवाला त्यानंतर कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं.

फोटो मी काढले होते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलेही होते. पण ते सगळे पाण्याचे होते, मालाचे नव्हते. पाणी किती चढलं ते त्यात स्पष्ट दिसतं. कोणता ड्राइव्ह, कोणत्या कंपनीचा, कोणत्या सीरियल नंबरचा बुडाला, ते एकातही दिसत नाही. खोक्यावरच्या लेबलचा फोटो, त्या लेबलाशी जुळणारं खरेदीचं बिल आणि तहसील कार्यालयाकडून होणारा पंचनामा या तीन गोष्टी एकत्र असत्या तर माझं निम्मं काम झालं असतं. पंचनामा मी सांगवीतल्या घराचा करून घेतला. शेडचा करून मागायचं सुचलंच नाही. विमा आहे म्हटल्यावर सरकारी कागद कशाला, असा माझा समज होता.

आता त्या तीन आकड्यांबद्दल. चौदा लाख हा बँकेसाठी होता. सीसी खात्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती उचल करता येते ते, मालाच्या आणि गिऱ्हाइकांकडून येणे असलेल्या रकमेवर ठरते, म्हणून दर महिन्याला स्टेटमेंटमध्ये माल फुगवायचा, ही आमच्या गल्लीतली रीतच होती. चार लाख हा आयकरासाठी होता. ३१ मार्चला शिल्लक माल कमी दाखवला की नफा कमी दिसतो आणि कर वाचतो. मी हे वर्षानुवर्षं करत आलो. सीए मॅडम यादी मागायच्या, मी कागदावर एक गोळाबेरीज आकडा लिहून सही करून द्यायचो. यात कुणाचं काय बिघडतं, असं वाटायचं.

बिघडलं ते असं. विम्याची रक्कम बँकेच्या आकड्यावर होती, म्हणजे चौदा लाखांच्या मालाचा हप्ता मी भरत होतो. सर्वेअरने मात्र माल मोजला तो वह्यांवरून. मार्चअखेरची शिल्लक चार लाख, त्यात एप्रिल ते जुलैची खरेदी मिळवली, विकलेल्या मालाची किंमत वजा केली, जीएसटी विवरणपत्रांशी ताडून पाहिलं आणि उत्तर काढलं: ४ लाख ६० हजार. मी म्हटलं, "अहो, माल नऊ लाखांचा होता." तो म्हणाला, "तुमच्याच सहीचा ताळेबंद आहे, साहेब." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भंगाराची अंदाजे किंमत आणि पॉलिसीप्रमाणे माझ्यावर राहणारा वाटा कापून मालापोटी ३ लाख ८५ हजार मंजूर झाले. तिन्ही आकडे एकमेकांशी भांडत असल्यामुळे प्रश्नोत्तरं लांबत गेली आणि पैसे हातात यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. बँकेनेही तपासणीनंतर लिमिट खाली आणलं.

मग मला वाटलं, विमा नाही तर निदान आयकरात तरी पूर्ण नऊ लाखांचं नुकसान दाखवू. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ज्या शब्दांत समजावलं ते मी विसरणार नाही. "शिल्लक माल पाच लाखांनी कमी दाखवलात, म्हणजे त्या पाच लाखांची खरेदी खर्चात गेली. त्याची वजावट तुम्ही मागच्या वर्षांतच घेऊन बसलात. एकाच मालाची दोनदा वजावट कशी मागणार?" कर वाचवण्यासाठी मी जो माल वहीत बुडवला होता, तो नदीने बुडवला तेव्हा वहीला पत्ताच नव्हता.

उरलेल्या ४ लाख ६० हजारांतही मी गोंधळ घालून ठेवला होता. टॅलीमध्ये 'पुरात गेलेला माल' असं खातं उघडून ती रक्कम खर्ची टाकली होती आणि मार्च २०२५ च्या शिल्लक मालातूनही तो माल अर्थातच वगळला होता. बुडालेला माल शिल्लकीत नाही, एवढ्यानेच त्याची किंमत खर्चात येते. वरून वेगळं खातं टाकलं की तेच नुकसान दोनदा वजा होतं. नुकसान वेगळ्या ओळीत दाखवायचं असेल तर तेवढीच रक्कम ट्रेडिंग खात्यात जमा करावी लागते. ही चूक मॅडमच्या नजरेत आली म्हणून निस्तरली. विवरणपत्रात तशीच गेली असती तर पुरासाठी सहानुभूती मिळायच्या ऐवजी नोटीस आली असती.

मशीनचं गणित आणखी वेगळं निघालं. पत्रा वाकवायचं सीएनसी प्रेस ब्रेक मी जुनं, १६ लाखांना घेतलं होतं. दरवर्षी १५ टक्के घसारा जाऊन मार्च २०२४ ला वहीत त्याची किंमत सहा लाख उरली होती. तेवढ्याचाच विमा मी उतरवला. वहीतली किंमत आणि बाजारातली किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला कळत नव्हतं असं नाही, हप्ता वाचत होता. बाजारात ते मशीन बारा लाखांचं होतं. छोट्या धंद्यांसाठी २०२१ पासून जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आली आहे, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तर चालवून घेतात. माझा निम्म्याने कमी होता. कंट्रोलर, मोटर आणि हायड्रॉलिकच्या दुरुस्तीचं बिल ३ लाख २० हजार झालं. त्यातले निम्मे मिळाले. दुरुस्तीचा उरलेला खर्च आयकरात पूर्ण वजा झाला, हे त्यातल्या त्यात बरं.

कॉम्प्रेसर आणि स्पॉट वेल्डिंग मशीन मात्र कायमची गेली. दोन्हीची मिळून वहीतली किंमत १ लाख २० हजार होती. ती रक्कम मी सरळ तोट्यात टाकली. मशीनच राहिलं नाही तर किंमत कशाला ठेवायची? पण आयकरात प्रत्येक मशीन सुटं धरत नाहीत. एकाच दराच्या सगळ्या यंत्रांचा मिळून एक गट असतो, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात. एखादं मशीन नष्ट झालं तर त्याच्या भंगाराचे आणि विम्याचे आलेले पैसे गटातून वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर नेहमीसारखा घसारा घेत राहायचं. म्हणजे जे मशीन आता अस्तित्वातच नाही त्याची वजावट मला मिळतेय, पण दरसाल १५ टक्क्यांनी. उलट विम्याचे पैसे गटाच्या किमतीपेक्षा जास्त आले तर वरची रक्कम भांडवली नफा म्हणून करपात्र होते. माझ्यावर ती वेळ येण्याचा प्रश्नच नव्हता.

जीएसटीकडे तर माझं लक्षच गेलं नाही. खरेदी करताना भरलेल्या १८ टक्के कराचं क्रेडिट आपण घेतो, कारण तो माल पुढे विकून त्यावर कर भरला जाणार असतो. माल नष्ट झाला, हरवला, चोरीला गेला किंवा खर्ची टाकला की ते क्रेडिट परत करावं लागतं. कायद्याच्या कलम १७(५) मध्ये हे स्वच्छ लिहिलंय, पुराला त्यात सवलत नाही. चिखलात गेलेल्या मालावर सरकार पुन्हा पैसे मागेल, हे मला खरंच वाटलं नव्हतं. वहीतल्या ४ लाख ६० हजारांवरचे ८२ हजार ८०० रुपये शेवटी डीआरसी-०३ या फॉर्मने व्याजासह भरले. भंगार पक्क्या बिलाने, कर लावून विकलं असतं तर निदान तेवढ्या मालापुरता माल विकला गेल्याचा मुद्दा मांडायला आधार होता, असं मॅडमचं म्हणणं. ३८ हजार रोख घेतल्यावर तो आधारही गेला.

जुन्या सांगवीतल्या तळमजल्यावरच्या घरातही पाणी शिरलं होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, मुलीची स्कूटर सगळं गेलं. ह्यूस्टनचा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, हार्वे वादळाच्या वेळी आम्ही घराचं नुकसान टॅक्समध्ये दाखवलं होतं, तूही दाखव." मी उत्साहाने यादी केली. अमेरिकेत तशी सोय आहे, तीही २०१८ पासूनच्या काही वर्षांत राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केलेल्या भागापुरतीच आणि बऱ्याच अटींसह होती. आपल्याकडे घरगुती वस्तूंच्या नुकसानीची वजावट देणारी तरतूदच नाही, पगारदाराला नाही आणि धंदेवाल्याला पण नाही. मग वॉशिंग मशीनची दुरुस्ती ऑफिस खर्चात घालायचा प्रयत्न केला, तो मॅडमनी खोडला. एकच दिलासा होता. आपत्तीबद्दल सरकारकडून किंवा स्थानिक संस्थेकडून व्यक्तीला मिळालेली मदत करमुक्त असते. त्याच नुकसानीची वजावट आधी घेतली असेल तेवढ्यापुरतीच ती करपात्र होते. म्हणून घरासाठी मिळालेली मदत मला उत्पन्नात दाखवावी लागली नाही.

या सगळ्या चुकांपेक्षा महाग पडली ती शेवटची, आणि ती सगळ्यांत साधी होती. २०२४-२५ सालचं माझं विवरणपत्र ऑडिटविना भरायचं होतं. त्याची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत आली. मॅडम फोन करत होत्या. मी म्हणत होतो, "विम्याचा आकडा येऊ द्या, मग एकदाच बरोबर भरू." मला तो शहाणपणा वाटत होता. विम्याचा आकडा ऑक्टोबरमध्ये आला, विवरणपत्र नोव्हेंबरमध्ये उशिराच्या शुल्कासह गेलं.

उशिरा भरलेलं विवरणपत्र चालतं, पण त्यातला धंद्याचा तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. मुदतीत भरलं असतं तर तो आठ वर्षं पुढे नेता आला असता. फक्त न जिरलेला घसारा पुढे जातो, त्याला ही अट नाही. पुराच्या वर्षी शेड बंद राहिल्यामुळे घसारा सोडून माझा तोटा ३ लाख १० हजार होता. तो तिथेच संपला. विम्याचे ३ लाख ८५ हजार मात्र २०२५-२६ मध्ये हाती आले आणि त्या वर्षाचं उत्पन्न ठरले. नुकसान एका वर्षात वाया गेलं, भरपाई दुसऱ्या वर्षात करपात्र झाली.

त्याची किंमत रुपयांत सांगतो. २०२५-२६ मध्ये धंदा सावरला आणि मागचा घसारा वजा जाऊन नफा ११ लाखांपर्यंत आला. त्यात भरपाई मिळवली की १४ लाख ८५ हजार होतात. नव्या करप्रणालीत त्या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तोटा ओढता आला असता तर माझं उत्पन्न ११ लाख ७५ हजार झालं असतं आणि कर शून्य. आता उपकरासह १ लाख ६ हजार ८६० रुपये होतोय. विलंबमाफीचा अर्ज केला आहे. तसा अर्ज करता येतो, मंजूर होईलच असं नाही. आणि विम्याचा आकडा आला नसतानाही विवरणपत्र भरता आलं असतं. ज्या भरपाईबद्दल अजून वाद चालू होता ती त्या वर्षाच्या उत्पन्नात धरायची नव्हतीच. मी ज्याची वाट पाहत होतो, त्याची गरज नव्हती.

तुलनेसाठी दोन शेजारी सांगतो. आमच्याच गल्लीतला एक फॅब्रिकेशनवाला अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आहे. उलाढालीच्या सहा-आठ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायच्या नाहीत. त्याचाही माल बुडाला, पण त्या योजनेत सगळा खर्च आणि नुकसान आधीच धरलेलं मानतात, वेगळं काही वजा होत नाही. त्या वर्षापुरतं बाहेर पडायचं तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. दुसरा माझा मित्र, चाकणजवळ कुरुळीला त्याची शेड आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने छताचे पत्रे उडाले आणि आतल्या मालावर पाऊस झाला. त्याच्याकडे रोजचं स्टोअर रजिस्टर होतं, बँकेचा, वहीचा आणि विम्याचा आकडा एकच होता. जुन्यासारखेच पत्रे पुन्हा बसवले म्हणून तो खर्च दुरुस्तीत धरला गेला. त्याचा दावा मिटायला वेळ लागला नाही. मी तेव्हा त्याला नशीबवान म्हटलं होतं.

माझी गोष्ट १९६१ च्या आयकर कायद्याखालची आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आपल्या सीएकडून आपल्या वर्षापुरतं तपासून घ्या. पण नदीकाठी, नाल्याकाठी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये धंदा असलेल्यांनी मे महिन्यात काही कामं उरकून घ्यावीत. स्टोअर एकदा प्रत्यक्ष मोजा आणि तोच आकडा बँकेला, सीएला आणि विमा कंपनीला द्या. पॉलिसीवर मालाची आणि मशीनची बाजारातली किंमत आहे का ते पाहा. मशीनच्या नंबरप्लेटचे फोटो घरच्या संगणकावर ठेवा. पाणी शिरलंच तर पंचनामा आणि सर्वेअरची भेट होईपर्यंत एक खोकाही हलवू नका, आणि भंगार बिलानेच विका. आणि विमा मिळो न मिळो, विवरणपत्र मुदतीतच भरा.